बाई, गाणं तुटलेलं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या, 31 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना त्यांच्या भाच्याने आपलं नवं गाणं ऐकायला दिलं. चार मित्रांनी मिळून केलेलं रॅप आहे. विषय अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातली रात्रपाळी. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, एका पोराची बोटं जातात. बाई लिहितात : ‘वृत्तं, यमकं आयुष्यभर शिकवली, पण यात नेमकं काय ऐकायचं ते कळेना. चाल नाही. अंगावर येतं. दुसरा मुलगा तर हजेरी घेतल्यासारखा बोलतो. आणि शेवटी गाणं मध्येच तुटतं. रेकॉर्डिंग बिघडलंय का? भाच्याशी खोटं बोलायचं नाही आणि त्याचा हिरमोडही करायचा नाही.’

बाई, नमस्कार. मी नाशिकमध्ये गेली 22 वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. सुरुवात भजनी मंडळांच्या सीडींनी झाली, मग गणपतीची गाणी, मग निवडणुकीत रिक्षावर वाजणारी प्रचारगीतं. गेली आठ-दहा वर्षं रॅप करणारी पोरं येतात, सिडकोतून, सातपूरहून, नाशिकरोड-देवळालीहून. तुम्ही पाठवलेलं गाणं काल रात्री तीनदा ऐकलं. शेवटाबद्दल एवढंच आत्ता सांगतो की रेकॉर्डिंग बिघडलेलं नाही. कारण नंतर सांगेन; आधीच सांगितलं तर मधलं काही तुम्ही नीट ऐकणार नाही.

पहिलं काम : हे फोनवर ऐकू नका. भाच्याकडून कानावर बसणारे मोठे हेडफोन मागून घ्या. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे आवाज काढताच येत नाहीत, आणि या गाण्याचा अर्धा जीव 50-60 हर्ट्झच्या आसपास आहे. फोनवर ऐकणं म्हणजे डग्गा बाजूला ठेवून नुसता तबला ऐकण्यासारखं. रोलँड कंपनीचं टीआर-808 नावाचं ताल वाजवणारं यंत्र 1980 साली निघालं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण त्यातला तो लांबत जाणारा खोल ठोका पुढे हिपहॉपचा, म्हणजे रॅपच्या संगीताचा, पायाच झाला. या मुलांनी हाच ठोका घेतलाय आणि त्याच्यावर लोखंडावर लोखंड आपटल्याचा एक आवाज चढवलाय. प्रेसचाच असणार. कुणीतरी कारखान्याच्या मागच्या गल्लीत फोन धरून तो टिपला असावा, कारण मागे एक टेम्पो रिव्हर्स घेतल्याची पिपाणी अगदी पुसट ऐकू येते. मी असतो तर ती पुसून टाकली असती. त्यांनी ठेवली, बरं केलं.

आता ताल. मिनिटाला 80 मात्रा आहेत. चार मात्रांचा एक बार, म्हणजे बरोबर तीन सेकंदांचा. प्रेसचा आघात दर बारला एकदाच, पहिल्या मात्रेवर पडतो. मांडीवर हात ठेवून दोन मिनिटं नुसते बार मोजा, शब्दांकडे लक्षच देऊ नका. रॅपर साधारणपणे 16 बार बोलतो, त्याला ही मंडळी व्हर्स म्हणतात. या गाण्यात एकाचा वाटा 48 सेकंदांचा होतो. चौघांचे मिळून जवळजवळ सव्वातीन मिनिटं, आणि वर थोडी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेकडे पुन्हा येतो.

चाल नाही असं तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं नाही. खाली एक घुमणारा आवाज आहे, तो षड्जावरून कोमल रिषभाला टेकतो आणि परत येतो, पुन्हा टेकतो, पुढे जातच नाही. संध्याकाळच्या रागांत कोमल रिषभ कसा जीव कासावीस करतो ते तुम्ही ऐकलं असेल. मारव्यात तर षड्जावर येणं लांबवत नेतात आणि पंचम मुळात घेतच नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही. या पोरांनी राग शिकलेला नाही, पण टेकू काढून घ्यायचा हे त्यांना कळलंय.

आणि तो घुमणारा पुरुषी आवाज पुरुषाचा नाही. मला जवळजवळ खात्री आहे की ती जात्यावरची ओवी आहे, बाईच्या आवाजातली, खूप संथ करून वापरलेली. टेप संथ फिरवली की वेळ लांबतो आणि सूरही खाली येतो, शब्द विरघळून जातात. याला सॅम्पलिंग म्हणतात; जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन त्यातून नवं गाणं घडवायचं. यात फार हुशारीने लपवाछपवी चालते. न्यूयॉर्कच्या मॉब डीप या रॅप जोडीचं ‘शूक वन्स, भाग दोन’ हे 1995 चं गाणं अशा काळोख्या गाण्यांत मानाचं समजतात. त्यातला भीतीदायक पियानो कुठून आला हे शोधणाऱ्यांना 2011 पर्यंत सापडलं नव्हतं. निघाला तो हर्बी हॅनकॉकच्या 1969 मधल्या एका हळुवार जॅझ रचनेतला, तुकडे करून संथ केलेला. मूळ रचना ऐकली तर वाटतं, यात घाबरण्यासारखं काय आहे? तुमच्या भाच्याच्या गाण्यातली ओवी कुणाच्या तरी घरातल्या जुन्या कॅसेटवरची असावी, मागे कॅसेटची खरखर आहे. आवाज ओळखीचा वाटतो का, बघा.

काळोखं गाणं करायला बसलेली पोरं नव्वद टक्के वेळा एकच चूक करतात. देवळाची घंटा, कावळे, वीज, आणि वर घसा फोडून ओरडणं. माझ्याकडे अशी इतकी गाणी आली आहेत की कावळ्याचा आवाज कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. हे गाणं ओरडत नाही, म्हणून मी ते तीनदा ऐकलं.

चौघांनी मिळून करण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. एका बीटवर, म्हणजे एकाच ताल-संगीतावर, एकामागून एक रॅपर उभे करायची रीत जुनी. 1988 मध्ये मार्ली मार्ल या निर्मात्याने ‘द सिम्फनी’त चौघांना असं उभं केलं, आणि त्या धाटणीची गाणी मुख्यतः चढाओढीची असतात, प्रत्येकाला आधीच्यापेक्षा वरचढ ठरायचं असतं. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे शाहीर हेच करत होते. एका फडाने शक्ती मोठी म्हणायचं, दुसऱ्याने शिव, आणि रात्रभर सवाल-जवाब. त्यातही मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण काळोख्या गाण्यात चढाओढ आली की काळोख पळतो. ऐकणारा हिशेब करू लागतो, कोण भारी? तिथे एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते. ह्यूस्टनच्या गेटो बॉइझ या तिघांचं 1991 चं ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ घ्या. खाली आयझॅक हेज या गायकाच्या जुन्या रचनेतली मऊशार गिटार आहे, आणि वर माणसाला आपलं डोकं आपल्याला फसवतंय अशी शंका येत राहते. शेवटच्या व्हर्समध्ये मारामारी रंगते आणि मग कळतं की समोर कुणी नव्हतंच, हा जमिनीवर मुठी आपटतोय. आधीच्या दोघांनी शंकेची जमीन तयार केली म्हणून तिसऱ्याचा धक्का बसतो. पहिल्यानेच सगळं ओतलं असतं तर तो बसला नसता.

आता तुमचं गाणं. पहिला मुलगा शेजारच्या मशीनवरचा मित्र आहे. त्याची सुरुवात मला आवडली नाही : ‘रात्र झाली, पाळी आली, झोप गेली, लाईट गेली’. तुम्ही पेपर तपासताना अशा ओळीवर काय शेरा मारला असता? मराठीत क्रियापदांची यमकं फुकट मिळतात, झाली-आली-गेली, गेला-केला-मेला. ज्याला लिहिता येतं तो ती टाळतो. पण पाचव्या-सहाव्या बारपासून हा पोरगा सावरतो. प्रेस चालवायला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायखाली, साच्याखाली, जाऊच शकत नाहीत. माल जास्त निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात. ही चिकटपट्टी त्याने अशी मधेच, बोलता बोलता सांगितली आहे की पहिल्यांदा ऐकताना निसटते. मग त्याचा वेग वाढतो. बारमध्ये दहा-बारा अक्षरं होती ती वीसच्या घरात जातात, अनुप्रासावर अनुप्रास. अमृतरायांचे कटाव तुम्ही शिकवले असतील, तोच श्वास न घेता धावण्याचा प्रकार. अठराव्या शतकातल्या माणसाला हे रॅप ऐकवलं असतं तर चाल त्याला चटकन कळली असती, हेडफोन नसते कळले.

आणि तो धावता धावता गप्प होतो. ऐन ठोक्याच्या आधी फक्त श्वास आत घेतल्याचा आवाज आहे. तो श्वास कानात प्राण आणून ऐका. सात-आठ वर्षांपूर्वी मी एका पोराच्या रेकॉर्डिंगमधले सगळे श्वास कापून टाकले होते, स्वच्छ काम केलं म्हणून खूश होतो. तो ऐकून म्हणाला, ‘दादा, हे नाशिकरोड स्टेशनवरचं अनाउन्समेंट झालंय.’ सगळं पुन्हा बसून परत लावावं लागलं, पैसेही मागता आले नाहीत.

त्या श्वासानंतर चार बार कुणीच बोलत नाही. बारा सेकंद ओवी आणि प्रेस. अपघात त्या बारा सेकंदांत होतो आणि चौघांपैकी एकजणही तो सांगत नाही. रक्त हा शब्द अख्ख्या गाण्यात नाही. मी मुद्दाम तपासलं.

मग दुसरा. तो हजेरी घेतल्यासारखा बोलतो अशी तुमची तक्रार आहे, आणि तुमचा कान बरोबर आहे. तो सुपरवायझर आहे. त्याला हजेरीच घ्यायची आहे. दुसरा माणूस बोलवा, डाय पुसा, माल मोजा. आवाज सपाट, प्रत्येक शब्द ठोक्याच्या किंचित मागे, जणू त्याला कसलीच घाई नाही. रॅपर याला पॉकेटमध्ये बसणं म्हणतात, आणि घाईत धावलेल्या पहिल्यानंतर असं मागे रेलून बोलणं सोपं नसतं. बीट तोच, तरी गाणं संथ झाल्यासारखं वाटतं. त्याची एक ओळ मी वहीत लिहून घेतली : ‘रजिस्टरात नोंद कर, घरी दार लागलं.’ दार बंद झालं, की दार हाताला लागलं? एका क्रियापदात खोटी नोंदही आली आणि बाहेर टाकलेला माणूसही. यमकात अडकलेल्या ‘झाली-आली’शी याची तुलना करा. पुढची ओळ सुरू करायच्या आधी तो अर्धा बार गप्प राहतो, पेनाचा आवाज येतो. पेन जरा जास्त मोठं मिक्स केलंय, कळून येतं की ‘बघा आम्ही पेन टाकलंय’.

तिसरा तुमचा भाचा, हो ना? आवाजात तुमच्यासारखंच ‘ण’ नीट येतं म्हणून म्हणतो. महिन्याभराने तो मित्राला घेऊन कंपनीच्या गेटवर जातो.

गेटवर कार्ड दाखवलं, कार्डावरचा फोटो जुना
फोटोत बोटं दिसत नाहीत, म्हणजे त्यांच्यालेखी गुन्हा
नाहीच घडला

जुना-गुन्हा हे यमक कुणालाही ऐकू येईल. ‘फोटोत बोटं’ हे आतलं यमक पहा, ‘ओ’वर ‘ओ’. अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात येतं, शेवटी येत नाही. त्यामुळे चौथा छोटा चरण उघडा पडतो आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. इथे तसंच झालंय. ‘गुन्हा’वर बार संपतो, कान म्हणतो वाक्य संपलं, आणि मग पुढच्या बारमध्ये ‘नाहीच घडला’ उघडं पडतं. ही ओळ मुद्दाम कापलेली आहे. मला विचाराल तर गाण्यातलं सर्वांत चांगलं लिखाण हे. पण पुढच्या चार बारमध्ये त्याला कंत्राटदार, वकील, आई, दवाखाना सगळंच सांगायचंय, दम लागतो, दोन शब्द गिळले जातात. तिथे त्याने निम्मं खोडायला हवं होतं. एक शिवीही आहे. पहिल्या मुलाच्या तोंडी जी शिवी आहे ती मशीनला उद्देशून आहे, आणि रात्री तीन वाजता मशीनला माणूस तेच म्हणतो. भाच्याची मात्र मात्रा भरायला आली आहे. पादपूरणार्थ ‘हो’, ‘की’, ‘बा’ घालणारे जुने कवी निदान सभ्य होते.

भाच्याच्या मागे इतर तिघांचे बारीक आवाज येतात, ‘जुना’, ‘हो ना’, ‘नाहीच’. याला अ‍ॅड-लिब म्हणतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी ‘जी जी रं जी’ची झील धरतात, तेच. आपल्या जिल्ह्याला हे परकं नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीवस्तीत अशीच मागे साथ धरून गायली गेली. फक्त इथे झील हळूहळू गळते. आधी तीन आवाज, मग दोन, मग एक, आणि भाच्याच्या शेवटच्या दोन बारमध्ये मागे कुणीच नाही. गेटवर जे त्याच्या सोबत आले होते ते एकेक करून निघून गेले, असं मी ऐकतो. पोरांनी योजून केलं असेल किंवा ट्रॅक संपले असतील, सांगता येत नाही.

आता शेवट. चौथा म्हणजे ज्याची बोटं गेली तो. पहिल्या सहा बारमध्ये तो अगदी घरगुती बोलतो : शर्टाची बटणं, डाव्या हाताने वरण-भात, धाकट्या बहिणीला पाढे शिकवणं. मग तो बहिणीला बोटांवर मोजायला शिकवतो. प्रेसच्या एकेका ठोक्याला एक आकडा. एक. दोन. तीन. प्रत्येकाला तीन सेकंद. सातपर्यंत येतो आणि थांबतो. ओवीही तिथेच थांबते. पुढे तीन ठोके फक्त प्रेसचे पडतात, आठचा, नऊचा, दहाचा, आणि गाणं संपतं.

तुम्ही फोनवर ऐकलंत. फोनला तो खालचा ठोका काढता येत नाही, वरचा लोखंडाचा आवाजही शेवटी त्यांनी मुद्दाम मंद केलाय. तुमच्यापर्यंत नऊ सेकंदांची शांतता आली आणि वाटलं, तुटलं. तो तीन बोटांचा हिशेब आहे, आणि तो त्याने स्वतः न करता मशीनकडून करून घेतलाय. चांगल्या रॅपरला 16 बार मिळाले की तो शेवटच्या अक्षरापर्यंत भरतो, सगळ्यांत जोरकस ओळ शेवटी ठेवतो. या पोराने शेवटचे तीन बार सोडून दिले. हे कौशल्य कमी असल्याचं लक्षण नाही. ढोल पथकात वाजवलंय म्हणून सांगतो, टिपरू हातात असताना न वाजवणं फार अवघड असतं.

भाच्याला काय सांगायचं तेही लिहितो. ‘छान आहे’ म्हणू नका, त्याला ते कळतं. ‘दार लागलं’बद्दल बोला, ‘गुन्हा’च्या पुढे तोडलेल्या ओळीबद्दल बोला, मग पहिल्याच्या क्रियापदांवर आणि त्याच्या स्वतःच्या गर्दी झालेल्या चार बारवर लाल पेन चालवा. वृत्त शिकवलेल्या माणसाचं मत या पोरांना सहसा मिळत नाही. माझ्यासारखे लोक फक्त बेस वाढवू की कमी करू एवढंच विचारतात. अजून एखादं ऐकायचं असेल तर मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाचं 2019 चं ‘द वारली रिव्होल्ट’ लावा. आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात सोबत आहेत. रॅपरांनी आपला आवाज कुठे मागे घेतलाय ते बघा.

फोनवर ऐकणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, कारण शंभरातले बहुतेक जण फोनवरच ऐकणार. शेवटच्या तीन ठोक्यांवर लोखंडाचा वरचा आवाज थोडासा उचलला तर तिथेही ते पोहोचतील. फाइल घेऊन आले तर मी तेवढं करून देईन, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे नकोत. येताना एक विचारून ठेवा : सातवर थांबायचं हे चौथ्यालाच सुचलं की चौघांपैकी दुसऱ्या कुणी त्याला ‘पुढे बोलू नकोस’ म्हणून सांगितलं?